हिस्सेरशीचे गवत

मुलांनी खूप शिकावे या विषयावर जगातील कोणत्याही दोन पालकांत मतभेद होत नाही. मतभेद सुरू होतो तो मुलांनी खेळावे कोठे आणि त्या खेळण्याचा खर्च कोणाच्या खाती पडावा या प्रश्नापाशी. हा मतभेद सर्व देशांत आहे. परंतु त्याला कलमे, पोटकलमे, मुदती, हरकती, उपसूचना आणि मतमोजणी यांची राजवस्त्रे चढवून एका प्रौढ, चुरशीच्या आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या क्रीडेचे स्वरूप देण्याचा मान अमेरिकेच्या ईशान्येकडील मॅसॅच्युसेट्स राज्याने निर्विवादपणे पटकावला आहे. मुलांचे मैदान व्हायचे तेव्हा होते. वडीलधाऱ्यांचे मैदान गावसभेच्या रूपाने बारमाही सज्ज असते, आणि त्यावर खेळून दमलेला मनुष्य आजवर कोणाच्या पाहण्यात नाही.

या राज्याच्या पश्चिम भागात ॲमहर्स्ट, पेल्हम, लेव्हरेट आणि शूट्सबरी अशी चार गावे आहेत. पैकी ॲमहर्स्ट हे थोरले. २०२० च्या शिरगणतीत त्याची वस्ती एकोणचाळीस हजारांच्या घरात भरली, आणि त्यात विद्यापीठाच्या वसतिगृहांत राहणारी, गावाच्या करांशी कसलाही ऋणानुबंध नसलेली तरुण मंडळीही यथास्थित मोजलेली होती. उरलेली तीन गावे प्रत्येकी दोन हजारांच्या आतली. इतक्या लहान गावांना स्वतंत्र हायस्कूल परवडत नाही, म्हणून सातवीपासून बारावीपर्यंतच्या वर्गांसाठी चौघांनी मिळून एक शाळा-परगणा स्थापन केला आणि खर्चाची वाटणी हिस्सेरशीने करण्याचा करार लिहून ठेवला. चार भावांच्या सामाईक विहिरीचे पाणी गोड असते, पण तिचा गाळ काढण्याची वेळ आली की प्रत्येक भावाला आपण पाणी किती कमी पितो याचे एकाएकी स्मरण होते, हा अनुभव ज्यांनी आपल्याकडच्या भाऊबंदकीत घेतला असेल त्यांना पुढील हकीगत समजण्यास भूगोलाची मुळीच गरज पडणार नाही.

गाळ काढण्याची वेळ आली ती शाळेच्या धावपट्टीमुळे. धावपट्टी झिजली होती. तिच्यावर सहाच ओळी होत्या, आणि बाहेरच्या शाळांना बोलावून शर्यती भरवाव्यात अशी तिची अवस्था राहिली नव्हती. तेव्हा तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. तज्ज्ञांचा स्वभाव असा, की एका प्रश्नाला एक उत्तर देणे त्यांना आपल्या विद्वत्तेचा अवमान वाटतो. त्यांनी तीन पर्याय मांडले. पहिला, आहे ती पट्टी आहे तेथेच नव्याने करावी. दुसरा, ती आठ ओळींची करून तिची दिशाच बदलावी, म्हणजे पूर्व-पश्चिम पसरलेले मैदान उत्तर-दक्षिण फिरवावे आणि मधोमध खरे गवत लावावे. तिसरा, फिरवावे तर खरेच, पण मध्ये गवत लावावे ते प्लास्टिकचे. पर्यायांबरोबर खर्चाचा आकडाही पायरीपायरीने चढत गेला, हे सांगावयास नकोच.

मैदान फिरवण्यात केवळ लहर नव्हती. मैदान पूर्व-पश्चिम असले म्हणजे शाळा सुटल्यावर, अर्थात सूर्य कलल्यावर, दोहोंपैकी एका संघाला सबंध सामना डोळ्यांवर हात धरून खेळावा लागतो. म्हणून मैदानाचा लांबट अक्ष उत्तर-दक्षिण असावा हा जगभरच्या क्रीडांगण-रचनेतील मान्य संकेत आहे. परंतु ज्या करदात्याचे घर मैदानापासून सहा मैलांवर, डोंगराच्या आड आहे, त्याला सूर्याच्या गतीपायी आपली घरपट्टी का वाढावी हे समजावून सांगणे ज्योतिषशास्त्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. सूर्य तर प्रत्येक गावात सारखाच मावळतो. मग त्याची हिस्सेरशी निराळी का, असे तो विचारतो, आणि प्रश्न तर्कशुद्ध असल्यामुळे त्याला कोणापाशीही उत्तर नसते.

आता कायद्याची मौज पाहावी. अशा शाळा-परगण्याच्या समितीने कर्ज काढण्याचे ठरवले, की घटक गावांना साठ दिवसांची मुदत मिळते. या मुदतीत एखाद्या गावाने सभा भरवून नापसंतीचा ठराव केला, तर ते कर्ज तेथेच बारगळते आणि समितीला नवा खर्डा घेऊन यावे लागते. कोणी काहीच केले नाही, तर सर्वांची संमती आहे असे धरून चालतात. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन आपण विवाहाच्या बोलणीत आणि जेवणाच्या आग्रहात वापरले. त्या लोकांनी ते कर्जरोख्याला लावले, हा त्यांचा व्यवहारीपणा. परिणाम असा झाला, की एकोणचाळीस हजारांच्या ॲमहर्स्टने सिंहाचा वाटा उचलण्याची तयारी दाखवली तरी तेराशे वस्तीच्या पेल्हमने एका संध्याकाळी मान हलवली, की सिंहाने आपला वाटा परत गुहेत न्यावा. लहान भावाला इतका अधिकार आपल्याकडे एकत्र कुटुंबाच्या भरभराटीच्या काळातही कोणी दिलेला नव्हता.

आणि हे पेल्हम म्हणजे कोणी ऐरेगैरे गाव नव्हे. तेथील सभागृह १७४३ साली बांधलेले असून, त्यात आजही गावसभा भरते. सबंध अमेरिकेत इतका अखंड वापर असलेले याहून जुने सभागृह नाही असा गावाचा दावा आहे. आमच्याकडे पानिपत व्हायला अद्याप अठरा वर्षे अवकाश होता त्या वेळी हे लोक या लाकडी छताखाली रस्त्याच्या खडीवर वाद घालीत होते. शिवाय कर आणि कर्ज या दोन विषयांत पेल्हमचा वारसा मोठा दैदीप्यमान आहे. स्वातंत्र्ययुद्धात लढून घरी परतलेल्या शेतकऱ्यांवर राज्याने करांचा बोजा लादला, सावकारांनी कचेऱ्यांतून जप्त्या आणल्या, तेव्हा १७८६ साली जे बंड उठले त्याचा नाव गाजलेला पुढारी डॅनियल शेज हा याच पेल्हमचा रहिवासी. त्याच्या लोकांनी न्यायकचेऱ्या बंद पाडल्या, १७८७ च्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली, तोफांचा मारा झाल्यावर ते मागे हटले आणि भर हिमवर्षावात त्यांची दाणादाण उडाली. बंड फसले, परंतु त्याने उडालेल्या घाबरगुंडीचा हातभार त्याच वर्षी फिलाडेल्फियात नवी राज्यघटना लिहिली जाण्यास लागला, असे इतिहासकार सांगतात. ज्या गावच्या माणसाने कराच्या तक्रारीतून राष्ट्राच्या घटनेला निमित्त पुरवले, त्या गावासमोर धावपट्टीच्या कर्जाचा कागद ठेवताना शाळा-समितीच्या चिटणीसाचा हात थरथरत असल्यास त्यात नवल नाही.

पेल्हम, लेव्हरेट आणि शूट्सबरी या तिन्ही गावांत अद्याप खुली गावसभा आहे, म्हणजे मतदार म्हणून नाव नोंदलेला कोणीही मनुष्य उठून बोलू शकतो आणि हात वर करून खजिन्याची किल्ली फिरवू शकतो. ॲमहर्स्टने मात्र २०१८ साली आपली प्रतिनिधींची गावसभा मोडून तेरा सदस्यांचे मंडळ नेमले. पूर्वी दोनशेहून अधिक मंडळी जो काळ घेत, तो आता तेराजणच घेतात, असे कोणी म्हणेल. पण तेरांना काटकसर साधली असे म्हणण्यासही आधार आहे, कारण खुर्च्या कमी लागतात.

गावसभेतील पात्रे जगात कोठेही गेले तरी नेमकी तीच असतात, केवळ त्यांचे शिरोभूषण बदलते. व्यासपीठावर मॉडरेटर असतो. त्याची नि:पक्षपातावरची निष्ठा इतकी कडवी, की त्याला स्वत:च्या भुकेचीही बाजू घेता येत नाही. त्याच्या हाताशी 'टाउन मीटिंग टाइम' नावाची सभाशास्त्राची पोथी असते. १९६२ साली प्रथम निघालेल्या या ग्रंथात कोणती सूचना कोणत्या सूचनेच्या आधी यावी, कोणती वादास पात्र आहे, कोणती साध्या बहुमताने आणि कोणती दोन-तृतीयांशाने मंजूर होते, यांचे विवेचन आहे, आणि ते वाचताना आपल्या मीमांसकांना सात समुद्रांपलीकडे आपले सगोत्र भेटल्याचा आनंद व्हावा. खालच्या अंगाला वित्त-समिती बसते. हिचे काम खर्च करणे नव्हे आणि नाकारणेही नव्हे. केवळ शिफारस करणे, आणि ती अशा स्वरात करणे, की शिफारस ऐकणाऱ्याला आपण नुकतेच एखादे दु:खद वृत्त ऐकले असे वाटावे.

श्रोत्यांत पहिला बोलतो तो जुना रहिवासी. त्याच्या तरुणपणी धावपट्टी कोळशाच्या राखेची होती, पडले की गुडघे सोलत आणि त्यानेच चारित्र्य घडत असे. हल्लीच्या मुलांना रबराची पट्टी देऊन आपण त्यांच्या चारित्र्याची हानी करीत आहोत, असा त्याचा आशय असतो. त्याच्यानंतर एक विदुषी उठते आणि आपण मैदानाच्या विरुद्ध नाही, खेळाच्याही विरुद्ध नाही, मुलांच्या तर नाहीच नाही, असे सांगून पुढील काही मिनिटांत तिघांनाही निराधार करून खाली बसते. मग एक मितभाषी गृहस्थ येतो. त्याला केवळ एक प्रश्न विचारायचा असतो. तो प्रश्न मलनिस्सारणाचा असतो. आणि तो गेल्या तीन सभांतही विचारला गेलेला असतो. मागच्या रांगेत विणकाम करणाऱ्या स्त्रिया असतात. त्यांना विणकामात जेवढी प्रगती दिसते तेवढी सभेत दिसत नाही, तरी मतदानाच्या वेळी रंगीत पत्ता नेमका योग्य क्षणी वर करण्यात त्यांचा हात कधी चुकत नाही. आणि दाराशी पालक-संघाच्या टेबलावर केक आणि बिस्किटे विकायला मांडलेली असतात. सहलीला पाठवण्याइतका निधी या बिस्किटांतून खरोखर उभा राहतो. सभागृहात लाखो डॉलरांचा जो प्रश्न सुटत नाही, त्याचा एक कण बाहेर रोखीने सुटत असतो.

वादाचा कळस होतो तो गवतापाशी. प्लास्टिकच्या गवताचा इतिहास न्यू इंग्लंडला परका नाही. कारण ते प्रथम मोठ्या प्रमाणावर अंथरले गेले ते १९६४ साली, शेजारच्या ऱ्होड आयलंडमधील मोझेस ब्राउन नावाच्या शाळेतच. त्याला कीर्ती मिळाली ती मात्र दोन वर्षांनी, ह्यूस्टन शहरी. तेथे एक प्रचंड छत असलेले क्रीडागृह बांधले होते; छताला पारदर्शक तावदाने होती; त्यांतून येणाऱ्या तिरिपीने खेळाडूंना चेंडू दिसेना म्हणून तावदाने रंगवली; तावदाने रंगवली म्हणून खरे गवत मेले; आणि गवत मेले म्हणून प्लास्टिकचे आणले. एका गैरसोयीचे निवारण करताना दुसरी जन्माला घालावी आणि तिसरीला शोध म्हणून मिरवावे, हा जो आधुनिक संस्कृतीचा क्रम, त्याचे याहून आटोपशीर उदाहरण मिळणे कठीण.

प्लास्टिकवादी म्हणतात, हे गवत चिखल होऊ देत नाही, पावसानंतर लगेच खेळता येते, कापावे लागत नाही, पाणी मागत नाही. तृणवादी म्हणतात, ते उन्हात तापते, त्यात जुन्या टायरांचा चुरा भरतात, त्यात न विघटणारी रसायने असण्याचा संशय आहे, आणि आठ-दहा वर्षांनी झिजून गेल्यावर ते सारे उचलून टाकायचे कोठे याचा जबाब कोणी देत नाही. दोन्ही पक्षांकडे अहवाल असतात, आणि अहवालांची जाडी सारखीच असते. या वादाला ॲमहर्स्टमध्ये एक खास खुमारी आहे. ज्या विद्यापीठामुळे गाव भरलेले आहे ते १८६३ साली शेतकी कॉलेज म्हणून स्थापन झाले, आणि आजही तेथे हिरवळीची जोपासना हा रीतसर शिक्षणाचा विषय आहे. गवत उगवावे कसे, कापावे किती, त्याला रोग कोणते, यांचे अध्यापन होते. अशा गावात हिरवळ कारखान्यातून आणण्याचा ठराव मांडणे म्हणजे पैठणच्या घाटावर बसून अशुद्ध संकल्प सांगण्याचे धाडस होय.

याच विद्यापीठाची आणि गावातील नामांकित खासगी कॉलेजांची जमीन विस्तीर्ण आहे, पण विद्येच्या कामी असलेल्या जमिनीवर बहुतांशी घरपट्टी बसत नाही. म्हणजे भार पुन्हा सामान्य घरमालकावर. त्या घरमालकाने १९८० साली राज्यभर झालेल्या मतदानात स्वत:भोवती एक तटबंदी उभारून घेतली आहे. तिचे नाव 'प्रपोझिशन अडीच'. नवीन बांधकामाची भर सोडली तर गावाच्या एकूण करवसुलीची मर्यादा वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढवायची नाही, असा तिचा आशय. महागाई पाच टक्क्यांनी वाढो की दहा टक्क्यांनी, गावाचा खजिना अडीचकीच्या पाढ्याबाहेर पाऊल टाकू शकत नाही. एखाद्या बांधकामाच्या कर्जापुरती ही मर्यादा ओलांडायची, तर मतपेटीची परीक्षा निराळी उतरावी लागते. थोडक्यात, राक्षसाचा प्राण पोपटात असावा आणि पोपट सात कोठड्यांच्या आत असावा, तशी त्या धावपट्टीची मंजुरी सात दरवाजांच्या आत आहे.

आठवा दरवाजा म्हणून आणखी एक कायदा आहे. २००० साली राज्याने गावांना अशी मुभा दिली, की त्यांनी स्वखुशीने घरपट्टीवर जास्तीत जास्त तीन टक्के अधिभार लावावा आणि त्यातून मोकळी जमीन, ऐतिहासिक वास्तू, परवडणारी घरे आणि करमणुकीची ठिकाणे यांची तरतूद करावी. २०१२ साली दुरुस्ती होऊन जुन्या क्रीडांगणांच्या डागडुजीलाही हा पैसा मोकळा झाला. पण त्याच दुरुस्तीत असे कलम घातले, की यातून खेळाच्या मैदानासाठी कृत्रिम गवत विकत घेता येणार नाही. म्हणजे जमीन सपाट करण्याचा आणि पाण्याचा निचरा करण्याचा खर्च एका थैलीतून मागता येतो. परंतु वरचे हिरवे आच्छादन प्लास्टिकचे ठरले, की तेवढ्यापुरती थैलीची नाडी आवळते आणि हिशेबनिसाला पायाखालची माती एका खात्यात व तिच्यावरचे पाते दुसऱ्या खात्यात दाखवावे लागते. आमच्या पेशवे दप्तरातील कारकुनांनी हा जमाखर्च पाहिला असता, तर त्यांनी कौतुकाने मान डोलावली असती.

या सर्व प्रकरणात दैवाने एक खोडसाळपणा करून ठेवला आहे. ॲमहर्स्टच्या दक्षिणेस थोड्याच मैलांवर जे स्प्रिंगफील्ड शहर आहे, तेथे १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला ठोकल्या आणि बास्केटबॉल जन्माला घातला. चार वर्षांनी वाटेवरच्याच होल्योक गावी विल्यम मॉर्गनने एक जाळे वर चढवून व्हॉलीबॉल काढला. जगभर खेळल्या जाणाऱ्या या दोन्ही खेळांना ना गवत लागले, ना कर्ज, ना दोन-तृतीयांश बहुमत. टोपल्यांच्या खर्चाची हिस्सेरशी कोणत्या गावावर किती पडली याची नोंद माझ्या वाचनात नाही. जो पंचक्रोशीचा प्रदेश फळांच्या टोपलीतून जगाला खेळ देतो, त्याने आपल्या मुलांच्या धावण्यासाठी अहवालांची टोपली भरत बसावे, हे पाहून एखादा अविचारी मनुष्य हसेल.

मीही हसलो असतो. पण आमच्याकडच्या मैदानांनी माझे हसणे आवरते घेतले. आमच्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिलेले आहे, आणि लिहिण्याचे काम तेथे पूर्ण झाले आहे. त्यापुढे जे काही होते ते निधीने होते, आणि निधी वरून येतो. १९९३ पासून खासदारांच्या हाती स्थानिक विकासाचा निधी आहे; आज तो वर्षाला पाच कोटी रुपयांचा आहे; आमदारांचाही आहे. एके सकाळी गावात ट्रक येतो, व्यायामाची निळी-पिवळी साधने उतरतात, कोणाच्या कृपेने ती आली हे सांगणारा फलक उभा राहतो, नारळ फुटतो, आणि मग कालांतराने साधने गंजतात व फलक मात्र चकचकीत राहतो, कारण रंगाची तरतूद त्याच्यासाठी निराळी असते. या सर्व व्यवहारात गावाने एकही प्रश्न विचारलेला नसतो. लांब उडीच्या खड्ड्यात वाळू का नाही, असे कोणी म्हणत नाही; कारण वाळू आपल्या पैशाची होती, हे कोणाला ठाऊकच नसते. फुकट आलेल्या वस्तूविषयी तक्रार करणे आपल्याकडे असभ्यपणात मोडते, आणि सभ्यपणात तर आपण कोणाला हार जात नाही.

एके काळी असे नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली साताऱ्याकडील काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि पुढे तिच्यासाठी मुष्टिफंड उभा केला तेव्हा घरोघरची बाई दळणातून मूठभर धान्य बाजूला काढीत असे. त्या मुठीत धान्य थोडे आणि मालकी पुष्कळ होती. ज्या घरातून मूठ गेली, त्या घरच्या माणसाला वसतिगृहात मुलांना भाकरी किती मिळते हे विचारण्याचा अधिकार आपोआप प्राप्त झाला, आणि तो अधिकार त्याला कोणत्याही फलकावर लिहून घ्यावा लागला नाही. पेल्हमच्या लाकडी सभागृहात मलनिस्सारणाचा प्रश्न चौथ्यांदा विचारणारा तो मितभाषी गृहस्थ आणि ही मूठ काढणारी बाई, यांची ओळख करून दिली असती तर भाषा कळली नसती तरी हिशेब कळला असता. हट्टाने घासाघीस करणाऱ्यालाच ती वस्तू आपली वाटते. ज्याच्या पदरी ती आयती पडली, तो तिचा कधीही धनी होत नाही, केवळ लाभार्थी होतो.

म्हणून माझी आमच्या नगरपालिकांना नम्र सूचना आहे, की यापुढे कोणत्याही शाळेच्या मैदानाला वरून निधी आला, तर तो उघडण्यापूर्वी गावातील प्रत्येक घरामागे एक रुपया सक्तीने वसूल करावा. या रुपयाने मैदान होणार नाही, हे मलाही समजते. परंतु रुपया दिल्याबरोबर प्रत्येक घराला मैदानाविषयी मत फुटेल. ठेकेदाराने वाळू कमी टाकली तर मोजपट्टी घेऊन मंडळी येतील. मैदान लग्नाच्या मांडवाला भाड्याने दिले तर निवृत्त मामलेदार अर्ज करतील. मैदान पूर्व-पश्चिम आहे की उत्तर-दक्षिण, यावर पारावर दोन तट पडतील आणि एका तटाच्या बाजूने पंचांगही बाहेर निघेल. सभा लांबतील, उपसमित्या नेमल्या जातील, काही मुले हायस्कूल सोडून कॉलेजात गेल्यावर पट्टी आखून होईल, याची तयारी ठेवावी. आणि या सर्व गोंधळात एखादा गृहस्थ असा निघेल, की जो तो एक रुपयाही पावतीवाचून देणार नाही, वर पावतीवरचा शिक्का पुसट आहे म्हणून हरकत घेईल. त्याला विनाविलंब क्रीडांगण-समितीचे अध्यक्ष करावे. त्याची मुले खेळोत वा न खेळोत, धावपट्टीच्या ओळी आठ आहेत की सात, हे तो मरेपर्यंत रोज सकाळी मोजून येईल.